झनाबिक घराण्याचं पान

१ मार्च २००८, शनिवार. करक.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात, मीही ठेवीन. उद्या कोणी विचारलं की झनाबिक घराण्याचं पान इंटरनेटवर कसं आलं, तर एखादा तरी लेखी पुरावा हवा.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर दिवानात बैठक झाली. दिवान म्हणजे आमच्या घराण्याची मोठी खोली. लग्न, मयत आणि भांडण, तिन्हींना गाद्या त्याच. काका अबू निमर मधोमध बसले होते. म्हणाले, "खालच्या आळीतल्यांचं इंटरनेटवर पान आलंय. त्यात त्यांचा पणजोबा घोड्यावर बसलाय. आपला पणजोबा काय गाढवावर बसायचा?" कोपऱ्यातून यूनुस खाटीक म्हणाला, "हो, गाढवावरच. माझ्या आजोबांनीच विकलं होतं ते." त्यानंतरची शांतता मला सहन झाली नाही, म्हणून मी उभा राहिलो.

म्हणालो, मी करतो. आठवडाभरात. सगळा वंशवृक्ष डेटाबेसमध्ये घालतो आणि डेटाबेस पानाला जोडतो. घराण्यात पोरगा जन्मला, इकडे नोंद केली, की तिकडे पानावर दिसला.

काकांनी विचारलं, "तुला येतं हे?" मी म्हटलं, काका, हल्ली डेटा-बाउंड कंट्रोल असतात. कोड लिहावाच लागत नाही. एक तक्ता उचलायचा, पानावर सोडायचा, डेटाबेसकडे बोट दाखवायचं. पुढचं तो आपलं आपण बघतो. (शिकवणीच्या सीडीवरचा माणूस हे चार मिनिटांत करतो. मला आठवडा दिला तर त्यात चांगली मार्जिन आहे.)

मग सगळे पांगल्यावर काकांना एकटं गाठून माझी अट सांगितली. मेजर अबू सायल यांच्या मुलीला, इनासला माझ्यासाठी मागणी घालायची, आणि जाहा, म्हणजे मागणीला जाणारी घराण्यातली पुरुषमंडळी, काकांनी न्यायची. अब्बा हयात नाहीत. काका पुढे नसतील तर मेजर दार उघडतील, चहा पाजतील आणि वाटेला लावतील. काका म्हणाले, "आधी पान, मग जाहा."

म्हणजे ठरलं.

२ मार्च, रविवार

इनासबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे ध्येय डोळ्यांपुढे राहील. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवते. माझी बहीण हनादी तिथेच चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी त्यांचा प्रिंटर बिघडला तेव्हा मी गेलो होतो. दोन तास झाले तरी जमेना. मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या. इनासने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "घाई नाही." मला आयुष्यात कोणी असं म्हटलेलं नाही. प्रिंटर शेवटी झाला नाही, पण तो मुळातच जुना होता.

वय चौतीस. सरकारी शाळेच्या संगणक प्रयोगशाळेचा प्रमुख. (दुसरा कोणी नाही, तेव्हा प्रमुख मीच.) स्थळ म्हणून वाईट नाही. पण हनादी म्हणते, अम्मानच्या एका फार्मासिस्टची आई मेजरांच्या घरी दोनदा येऊन गेलीय. फार्मासिस्टला डेटाबेस काय कळणार.

४ मार्च, मंगळवार

पान तयार. तक्ता तयार. तक्त्याने डेटाबेसकडे बघायचं तेवढं बाकी आहे. तो बघत नाही. लाल अक्षरात सांगतो: सर्व्हर सापडत नाही किंवा प्रवेश नाकारला. दोन्हींपैकी नक्की कोणतं ते सांगत नाही. असल्या उत्तरावर माणसाने काय करावं? मेजरांकडूनही असंच उत्तर आलं तर?

निश्चय: लाल अक्षर दिसलं की न घाबरता तीनदा रिफ्रेश करायचं.

५ मार्च, बुधवार

अकरा वेळा रिफ्रेश केलं. लाल.

आई इस्त्री करत होती, व्होल्टेज उतरलं असणार. तिला म्हटलं, थोडे दिवस इस्त्री नको. म्हणाली, "मग शाळेत चुरगळलेला जाशील? चल, मला काय." उद्या चुरगळलेलाच जाईन. त्याग लागतोच.

८ मार्च, शनिवार

जोडलं गेलं. आठवडा आज संपतो, म्हणजे जवळजवळ वेळेवरच.

डेटाबेसची सेवा सुरूच केलेली नव्हती. हे मी सुरक्षेसाठी केलं असणार आणि नंतर विसरलो असणार.

पहिली नोंद स्वतःची केली. नाव, वडील, आजोबा, जन्मसाल. वैवाहिक स्थितीसाठी ड्रॉपडाउन ठेवलाय: डेटाबेसमधल्या पर्यायांची यादी, अरबी वर्णक्रमाने, आपोआप भरलेली. तोही डेटा-बाउंड. त्याला हातही लावायला लागला नाही. 'साठवा' दाबलं, साठलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

काकांना फोन केला. म्हणाले, "दिसतं का?" मी म्हटलं, माझं दिसतं. म्हणाले, "तुझं घेऊन मी काय करू?"

१० मार्च, सोमवार

नोंदी चारशेच्या वर आहेत. टायपिंग हनादीला दिलंय. मी वरच्या पातळीवर विचार करतो.

चार दिवस टाइप करून झाल्यावर ती काय करेल ते आजच कळतंय. एका तासात विचारलं, "यात मी कुठे बसते?" मी म्हटलं, वंशवृक्षात मुली नसतात, तुला माहीत आहे. म्हणाली, "मग टाइप तुझ्या आजोबांना करू दे, ते तर आहेत ना त्यात." मी समजावलं की हा माझा निर्णय नाही, सिस्टीममध्ये तशी सोय नाही. म्हणाली, "सिस्टीम कोणी बनवली?" असल्या वादात मी पडत नाही.

तरी टाइप करतेय. मनाची चांगली आहे. प्रत्येक माणसाला ड्रॉपडाउनमधून विवाहित, अविवाहित नीट निवडते. उगाच वेळ घालवते. मध्येच म्हणाली, "तुझी नोंद एकदा बघून घे रे." मी म्हटलं, माझं मला माहीत आहे.

१७ मार्च, सोमवार

सगळ्या नोंदी झाल्या. पान अम्मानच्या एका होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर चढवलं. उघडलं. लाल.

माझ्या संगणकावर उत्तम चालतं. म्हणजे पानात दोष नाही. दोष अम्मानमध्ये आहे.

काका विचारतात, कधी. मी म्हटलं, दोन दिवसांत. त्यांनी २८ तारखेला उद्घाटन ठेवलंय, पाहुण्यांना सांगून टाकलंय, मेजरांनाही बोलावलंय. यूनुसला मेंढ्यांची ऑर्डर दिलीय. मेंढ्या ठरल्यावर आमच्याकडे काही पुढे ढकलता येत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

लाल. आज मातृदिन, आईला विसरलो. ती म्हणाली, "तुझ्या त्या सर्व्हरची आई असती तर तिला फुलं नेली असतीस."

फार्मासिस्टची आई तिसऱ्यांदा येऊन गेली. हनादीने सांगितलं, तेही भाजी चिरता चिरता, जणू काही हवापाणी.

निश्चय: घाबरायचं नाही. वेगळा मार्ग काढायचा.

२७ मार्च, गुरुवार

मार्ग काढला. पान माझ्याच संगणकावर चालतं ना? मग संगणकच दिवानात नेऊ. इंटरनेटवर नाही, पण दिसणार तसंच. लोकांना काय कळतं.

यूनुसच्या पिकअपमधून न्यायचं ठरलं. पुढे जागा नाही. मॉनिटर मागे, मेंढ्यांच्या सोबत.

२८ मार्च, शुक्रवार

उद्घाटन झालं. मिश्र यश.

मॉनिटरवर एका मेंढीने पाय दिला होता, पण कोपऱ्यातच. मन्साफ, दह्यात शिजवलेली मेंढी आणि भात, उत्तम होता. काकांनी भाषण केलं: "या पानातलं अक्षर न् अक्षर मी स्वतः तपासलंय. इथे जे लिहिलंय तोच झनाबिकांचा शब्द." (तपासलेलं नाही. त्यांना चष्मा लागतो आणि ते तो लावत नाहीत. पण वाक्य जोरदार होतं.) मेजर अबू सायल पहिल्या रांगेत होते. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. म्हणाले, "मी घरून बघतो इंटरनेट. पोरगा सायल आखातात असतो ना, त्याच्यासाठी शिकलो." हा माणूस मला समजून घेईल.

मग काकांना स्वतःचं नाव बघायचं होतं. तक्ता एका पानावर दहाच नावं दाखवतो आणि वर्णक्रमाने लावतो. अबू निमर म्हणजे निमरचा बाप; काकांचं स्वतःचं नाव हायल. आमच्या वर्णमालेत ते अक्षर अगदी शेवटाकडे. मी 'पुढे' दाबत राहिलो. दाबत राहिलो. शेवटच्या पानावर काका निघाले, आणि त्यांच्या खाली यूनुस.

काका म्हणाले, "मी शेवटच्या पानावर?"

यूनुस म्हणाला, "मी आहे ना सोबतीला, अबू निमर."

मी म्हटलं, काका, मोठी माणसं शेवटी बोलतात, तसंच हे. मेजरांनी मिशीवर हात फिरवला. हसत होते की काय ते कळलं नाही.

३१ मार्च, सोमवार

काकांसाठी दहा-दहा नावांची पानंच काढून टाकली. आता सगळे एकाच पानावर, आणि त्यांना सगळ्यात वर ठेवलंय. आता पान उघडायला वीस मिनिटं लागतात. पण उघडलं की पहिले काकाच.

अम्मानच्या होस्टिंगवाल्याला फोन केला. त्याने चार प्रश्न विचारले, मी त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली. म्हणाला, "उस्ताद, तुमच्या पानाला तुम्ही सांगितलंय की डेटाबेस तुमच्या घरच्या संगणकावर आहे. ते बिचारं इथून तुमच्या घरी कसं येणार?" मी म्हटलं, हे मला माहीत होतं, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.

दुपारी पान अम्मानमधून उघडलं. काळ्या अक्षरात. प्रयोगशाळेत मुलं होती, तरी मी हात वर करून उभा राहिलो.

काका म्हणाले, "बरं. अकरा तारखेला जाऊ मेजरांकडे."

३ एप्रिल, गुरुवार

किरकोळ अडचण. लोक फोन करताहेत. एकाचा जन्म वडिलांच्या आधी झालाय. एक वारलाय, पण पानावर त्याचा मोबाइल नंबर आहे आणि लोक लावतात. एकाचं गेल्या आठवड्यात लग्न झालं, तो अजून अविवाहित आहे आणि त्याची सासू विचारते.

या सगळ्यांवर उपाय सोपा. प्रत्येक ओळीपुढे 'बदला' आहे. दाबायचं, दुरुस्त करायचं, 'अद्ययावत' दाबायचं. मी दाबतो. पान हलतं, विचार केल्यासारखं करतं, आणि परत जुनंच दाखवतं. लाल अक्षरही नाही. काहीच नाही. लाल होतं तेव्हा निदान बोलत तरी होतं.

लोकांना सांगतोय की बदल चोवीस तासांत दिसेल.

६ एप्रिल, रविवार

ज्यांना चोवीस तास सांगितले होते त्यांना बहात्तर सांगितले.

पुन्हा पुन्हा दाबतो. शाळेतली मुलं म्हणतात, सर, तुम्ही माउसशी भांडता. जाहाला पाच दिवस. सूट ड्रायक्लीनला दिलाय. आईने खालची खोली रंगवायला काढलीय, म्हणते सुनेला पांढरा रंग आवडेल. तिला कसं माहीत? तिलाही माहीत नाही, पण रंगवतेय.

निश्चय: लग्न ठरेपर्यंत 'अद्ययावत'ला हात लावायचा नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी.

हे नीट क्रमाने लिहितो.

असरच्या नमाजानंतर निघालो. नऊ गाड्या, चाळीसेक माणसं, काका पुढच्या गाडीत, जरीच्या काठाचा लांब झगा, अबा, घालून. मेजरांच्या बैठकीत त्यांचे लोक एका भिंतीला, आमचे समोर. कॉफीचा पहिला पेला काकांपुढे आला. त्यांनी रिवाजाप्रमाणे तो न पिता समोर ठेवला आणि उभे राहिले. बोलले छान. म्हणाले, "मेजर, आम्ही कोण ते तुम्हाला सांगायला नको. आमचं पान तुम्ही पाहिलंय. तिथे जे लिहिलंय ते मी तपासलंय, तेच आमचं खरं. आमच्या मुईनसाठी तुमची इनास मागायला आलोय. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच हा पेला उचलीन."

मेजर उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "अबू निमर, एक विचारू? राग मानू नका. मुलाच्या पहिल्या बायकोला अल्लाह जन्नत देवो. काय झालं होतं तिला?"

मला वाटलं, ते दुसऱ्या कोणाला तरी विचारताहेत. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

मेजर म्हणाले, "पानावर वाचलं. विधुर, लिहिलंय."

तेव्हा कळलं. मी पहिली नोंद केली तेव्हा ड्रॉपडाउनला हातच लावला नव्हता. हात लावला नाही तर तो पहिला पर्याय उचलतो. चार पर्याय, आणि आमच्या अरबी वर्णक्रमात विधुर, म्हणजे अर्मल, सगळ्यांच्या आधी येतो.

काका उभेच होते. त्यांच्या मानेची शीर दिसत होती. पान चुकलंय म्हणावं तर आत्ताच चाळीस माणसांपुढे शब्द दिलेला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. शेवटी काका म्हणाले, "ताप. चार दिवस आला आणि गेली. फार गुणी मुलगी होती."

आमच्या भिंतीने एका सुरात म्हटलं, अल्लाह तिच्यावर दया करो. यूनुसने तर डोळे पुसले. तो नेहमीच जरा जास्त करतो.

मेजरही पुसत होते. म्हणाले, "सायलची आई पण तापानेच गेली. मला वाटलं होतं तुम्ही लपवाल. हल्ली लोक लपवतात. तुम्ही लपवलं नाहीत." आत कोणाला तरी विचारायला गेले, लगेच आले. "पोरगीही हो म्हणते. कॉफी घ्या, अबू निमर."

काकांनी पेला एका घोटात संपवला. मग कुनाफा, पाकातली चीजची मिठाई, आला. मला कोणी जास्तीचा वाढला, पाठीवर हात फिरवला, म्हणाला, हिंमत धर बाळा, नवं आयुष्य सुरू होतंय.

इनास हो म्हणाली. हेच मुख्य. बाकी सगळे तपशील आहेत.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळपासून शेजारणी आईला भेटायला येताहेत. आधी अभिनंदन, मग सांत्वन. आईला सगळं कळल्यावर ती पाटावर बसून राहिली. "माझ्या पोराला मी सून कधी आणली आणि कधी पुरली? आणि मला न सांगता?" मी म्हटलं, आई, तांत्रिक चूक आहे. म्हणाली, "तांत्रिक बाई होती, बरं. नाव काय होतं तिचं? बायका विचारतात." मी म्हटलं, सांग की बोलवत नाही.

काका दारातच उभे राहून बोलले, आत आले नाहीत. "गुरुवारी लग्नाचा कागद होईल. तोवर ती बाई मेलेलीच राहील. कळलं? कोणी विचारलं तर खाली बघायचं." मी म्हटलं, कळलं. म्हणाले, "आणि ते पान तसंच राहू दे. हात लावू नकोस."

हात लावून काही होतं कुठे? पाच आठवड्यांत एक अक्षर बदललेलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

हनादी इनासला शाळेत भेटली. इनासने माझ्यासाठी निरोप दिला: "त्यांना सांग, मला घाई नाही. त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा तिच्याबद्दल बोलतील." हनादी म्हणाली, "अरे, मला लाज वाटली रे." मला नाही वाटली. मला वाटलं, असं कोणी बोलणार असेल तर मी खरोखर कोणीतरी गमवायला तयार आहे.

तरीही मनात टोचतंय. डेटाबेसमध्ये चूक राहता कामा नये. तत्त्व म्हणून.

१४ एप्रिल, सोमवार. दुपारी.

ऐतिहासिक दिवस.

प्रयोगशाळेत बसून तक्त्याच्या सेटिंगचा खिडकीभर मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला. पहिल्यांदाच वाचला. (आधी वाचायची गरज पडली नव्हती.) मध्ये एक ओळ रिकामी: किल्ली कोणती? म्हणजे कोणत्या रकान्यावरून माणूस ओळखायचा. तक्ता पाच आठवडे विचारत होता की बदल नक्की कोणाच्या नोंदीत करू, आणि त्याला मी सांगितलंच नव्हतं. तो कोणाच्याच नोंदीत करत नव्हता. सज्जन आहे बिचारा. ओळीत नोंद-क्रमांक भरला.

आता चाचणी हवी. चाचणी नेहमी स्वतःवर करावी. माझ्या ओळीवर गेलो, 'बदला', ड्रॉपडाउन उघडला, विधुरचं अविवाहित केलं, 'अद्ययावत' दाबलं. होणार नाही हे माहीतच होतं.

झालं.

परत उघडलं. अविवाहित. संगणक बंद करून परत उघडलं. अविवाहित. मी, मुईनने, डेटाबेस पानाला दोन्ही बाजूंनी जोडला. मुलांना सुट्टी देऊन टाकली. यूनुसला फोन केला, त्याला कळलं नाही. काकांनी उचलला नाही. आनंद कोणाला तरी सांगायलाच हवा होता, आणि ज्याला इंटरनेट कळतं असा माणूस एकच. मेजरांना फोन केला. म्हटलं, मेजरसाहेब, पान जरूर बघा, आता सगळं नीट झालंय. त्यांचा आवाज प्रसन्न होता. म्हणाले, बघतो.

त्याच दिवशी. चहाच्या वेळी.

साखर ढवळताना हात थांबला.

धावत जाऊन घरचा संगणक लावला. इंटरनेटला फोनची लाइन लागते. लाइनवर आई मावशीशी बोलतेय, पांढऱ्या रंगाबद्दल. हातवारे केले. तिने हाताने थांब म्हटलं. ओरडलो. म्हणाली, "दोन मिनिटं, मुईन, तुझ्याच संसाराचं बोलतेय." प्रयोगशाळेची किल्ली शिपाई घेऊन गेला, त्याच्या गावी. वीस मिनिटं तर पान उघडायलाच लागतात. त्यांनाही वीस मिनिटं लागतील. तेवढाच आधार.

१५ एप्रिल, मंगळवार

त्यांना वीस मिनिटं लागली नाहीत. सायलने आखातातून वेगवान लाइन बसवून दिलीय.

मेजर दिवानात आले. एकटे. इस्त्रीचा कोट, पाठ सरळ. काकांनी उठून स्वतः कॉफी ओतली, दोन हातांनी पुढे केली. मेजरांनी पेला घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला. मला ते बघवेना.

म्हणाले, "अबू निमर, पंचवीस वर्षं फौजेत होतो. अविवाहिताचा विवाहित झालेला पाहिलाय, विवाहिताचा विधुर झालेला पाहिलाय. विधुराचा अविवाहित कसा होतो ते मला तुम्ही समजावा. आणि ते करून पोरगा मलाच फोन करून सांगतो की बघा."

काकांनी माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मेजर म्हणाले, "चूक होती, एवढं त्या दिवशी सांगितलं असतं तरी मी हसून कॉफी पाजली असती. माझ्या बायकोची आठवण काढायला लावलीत मला. मी रडलो तुमच्यापुढे." पुढे म्हणाले, "कागद होणार नाही." आणि गेले.

पेला तसाच राहिला. काका मला म्हणाले, "मी या खोलीत तीस वर्षं शब्द दिलेत. डोळ्यांपुढून जा." मी म्हटलं, काका, मी परत विधुर करू शकतो, आता ते चालतं. त्यावर त्यांनी हातातली जपमाळ फेकली. लागली नाही. लागायला हवी होती.

१६ एप्रिल, बुधवार

शाळेत गेलो नाही. कागदासाठी परत धुऊन आणलेला सूट ड्रायक्लीनच्या पिशवीतच आहे. आईने रंगाचा डबा झाकण लावून ठेवला, काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घर मोठं वाटतं.

निश्चय केला होता एक. काय ते आठवत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज कागद व्हायचा होता.

काकांनी पान हनादीकडे सोपवलंय. तिने पहिल्या दिवशी रकाना वाढवला आणि बायकांची नावं घालायला घेतली. कोणी अडवलं नाही. सगळे दमलेत.

दुपारी ती शाळेतून आली. पर्स ठेवली, माझ्या समोर बसली. इनास बोलली होती तिच्याशी. इनास म्हणाली, वडिलांना खोटं बोलल्याचं लागलं, मला तेवढं नाही लागलं. मी विचारलं, मग? हनादी पर्सचा पट्टा गुंडाळू लागली. मी म्हटलं, सांग, आता काय राहिलंय.

हनादी म्हणाली, "ती म्हणाली, मी हो म्हटलं ते पानावर विधुर वाचून. वाटलं, एक बाई या माणसाबरोबर राहिली, आणि तो तिच्यासाठी रडला. रडलेल्या माणसाबरोबर मला राहता आलं असतं. बाकी त्यांच्यात काही आहे का ते मला माहीत नाही." आणि शेवटी म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी फार्मासिस्टची जाहा येतेय."

मग ती चहा टाकायला उठली. मी खालच्या खोलीत गेलो, एक भिंत पांढरी झालीय ती, आणि दार लावून घेतलं. तिथे रडलो. चांगला बराच वेळ. एवढं रडणं इनासला पुरेसं वाटलं असतं, असं वाटतं. पण आता ते तिला कळवायची काही सोय नाही.